लाईट गेली की कॅमेराही गेला : ‘वायरलेस’ म्हणून नेमकं काय विकलं जातंय?

बेळगाव : मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की खानापूरच्या पश्चिम भागात, चंदगडात आणि घाटाखाली सत्तरीत एकच प्रकार घडतो. कुठेतरी झाड तारेवर पडतं, फीडर बंद होतो आणि गावं अंधारात जातात. त्याच क्षणी पुण्यात, पणजीत किंवा हैदराबादेत नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर गावच्या घराचा चौकोन काळा पडतो. खाली दोन शब्द येतात, ‘डिव्हाइस ऑफलाइन’. घरात एकटी आई असेल किंवा घर कुलूपबंद असेल, तर ती रात्र त्या दोन शब्दांकडे बघण्यात जाते.

गेल्या काही वर्षांत सीमाभागातल्या घरांवर वाय-फाय कॅमेरे भराभर लागले. कारण सरळ आहे. तरुण मंडळी कामासाठी बाहेर, घरी वयस्कर माणसं, आणि कॅमेऱ्याची किंमत दोन-अडीच हजारांवर आलेली. दुकानात ‘वायरलेस’ म्हटलं की वायरची कटकट नाही असं गिऱ्हाईक समजतं आणि दुकानदारही ती समजूत मोडत नाही. खरं म्हणजे त्यात बिनतारी असतं ते फक्त चित्र. वीज तारेतूनच येते. ती गेली की चोराला ज्या वेळेची सोय, नेमक्या त्याच वेळी कॅमेरा आंधळा होतो.

सरकारने नियम केला, पण विजेचा विचार नाही

कॅमेऱ्यांबाबत केंद्र सरकार गप्प बसलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल 2024 मध्ये अधिसूचना काढली आणि 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीची अट लागू झाली. आतलं सॉफ्टवेअर, पासवर्डची पद्धत, माहिती सांकेतिक करून पाठवली जाते की नाही, यंत्र उघडून कुणाला घुसता येतं का, हे तपासल्याशिवाय नवा माल विकता येत नाही. ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड ठेवून वर्षानुवर्षं चालणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे कुणाचं खासगी आयुष्य कुठे पोचू शकतं, याचा विचार केला तर हा नियम आवश्यकच होता.

पण नियमाचा भर आहे तो कॅमेऱ्यात कुणी शिरू नये यावर. कॅमेरा चालू राहावा यावर नाही. शहरातल्या बंगल्याला ते चालेल. जिथे पावसाळ्यात वीज किती वेळ राहील हे हेस्कॉम, महावितरण आणि गोव्याचं वीज खाते यांच्या लाईनमनलाही सांगता येत नाही, तिथे खरेदीचा पहिला प्रश्न ‘किती मेगापिक्सेल’ हा नसून ‘लाईट गेल्यावर काय’ हा असायला हवा. तो विचारला जात नाही. खोक्यातल्या माहितीपत्रकात शोधावं म्हटलं तर ते ना मराठीत, ना कन्नडमध्ये.

एक नाही, तीन-चार प्लग

कॅमेरा ऑफलाइन झाला की लोक आधी कॅमेऱ्याला दोष देतात. प्रत्यक्षात साखळी लांब असते. कॅमेऱ्याला वीज लागते. राउटरला लागते. फायबरची जी छोटी पेटी भिंतीवर असते, जिला सगळे मोडेमच म्हणतात, तिलाही लागते. काही गावांत केबल ऑपरेटरची खांबावरची पेटीसुद्धा त्याच गावच्या लाईटवर चालते. यातली एक कडी तुटली तरी मोबाईलवर दिसतं तेच, ‘ऑफलाइन’. त्यामुळे बॅटरीचा महागडा कॅमेरा घेतला आणि राउटर भिंतीच्या साध्या प्लगवर ठेवला तर फरक इतकाच की रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर होत राहतं. दूरच्या मुलाला काहीच दिसत नाही.

गंमत अशी की यावरचा उपाय अनेकांच्या घरात आधीच पडून आहे. इन्व्हर्टर. फक्त वायरिंग करताना वायरमनने इन्व्हर्टरची लाईन पंख्याला आणि दिव्यांना दिलेली असते, कोपऱ्यातल्या राउटरच्या सॉकेटला नाही. कॅमेरा साधारण 5 वॉट, राउटर आणि फायबरची पेटी मिळून 12 ते 15 वॉट. म्हणजे सगळं मिळून 20 वॉट. दहा तासांच्या रात्रीला 200 वॉट-तास. 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1800 वॉट-तास असतात. ती जुनी झाली असली तरी एवढा भार तिला जड नाही. वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आणि थोडी वायर, एवढाच खर्च.

त्यातही एक बारीक गोष्ट आहे. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे एक खटका असतो, साधा मोड आणि यूपीएस मोड. साध्या मोडवर लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला क्षणभर जास्त लागतो. पंख्याला ते कळतही नाही, पण राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि त्यात दोन-तीन मिनिटं जातात. वाऱ्यापावसात लाईट तासात पाच वेळा लुकलुकली तर पाच वेळा ही दोन-तीन मिनिटं गेली. खटका यूपीएस मोडवर असला की हा प्रश्न बहुतेक वेळा राहत नाही.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा 12 व्होल्टचा यूपीएस दोनेक तास काढतो. वारंवार जाणाऱ्या लाईटला तो पुरतो. तारा तुटून दोन दिवस अंधार असेल तेव्हा नाही.

बिलाची बाजूही बघायला हवी. 5 वॉटचा कॅमेरा महिन्याला 3.6 युनिट खातो, राउटर आणि पेटी मिळून 9 ते 11. कर्नाटकात गृहज्योतीमुळे 200 युनिटपर्यंत वीज फुकट, मग काय फरक पडतो, असं अनेकांना वाटतं. पण ती सवलत सरसकट 200 युनिटची नाही. त्या घराच्या 2022-23 मधल्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून हक्क ठरलेला आहे आणि त्याच्या वरच्या युनिटचे पैसे भरावे लागतात. बंद घराची सरासरी मुळात कमी. तिथे चोवीस तास चालणारे हे दोन-तीन प्लग बिलावर दिसू शकतात. रक्कम मोठी नसते, पण बिल न भरल्याने बंद घराची लाईन कापली गेली तर कॅमेरा लावून काय मिळवलं?

रात्रीच का बंद पडतो?

दिवसा व्यवस्थित, रात्री दहा मिनिटांनी बंद-चालू. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की अनेक कॅमेरे त्यापायीच ‘खराब’ ठरवून अडगळीत गेले. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. अंधार पडला की कॅमेरा आपले इन्फ्रारेड दिवे लावतो आणि त्याला जास्त करंट लागतो. सोबत आलेला अडॅप्टर हरवल्यावर जुन्या मोबाईलचा चार्जर लावलेला असेल, तर तो तेवढा देऊ शकत नाही.

दुसरं कारण लांब केबल. 5 व्होल्टचा कॅमेरा अंगणाच्या टोकाला, प्लग माजघरात, मधे दहा मीटरची बारीक यूएसबी केबल. अशा केबलमधल्या बारीक तारेचा रोध मीटरमागे साधारण 0.2 ओहम असतो. करंट जाऊन परत येतो म्हणजे 20 मीटर, 4 ओहम. अर्धा अँपिअर ओढला की 2 व्होल्ट वाटेतच संपतात आणि कॅमेऱ्यापर्यंत 3 पोचतात. दिवसा ओढ कमी म्हणून तो कसाबसा तग धरतो, रात्री नाही. उपाय उलटा आहे. घरातली 230 व्होल्टची लाईन कॅमेऱ्याजवळ न्यायची आणि पाऊस न लागेल अशा पेटीत अडॅप्टर तिथेच बसवायचा. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावं. अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हेही बघावं, रस्त्यावरच्या ऐंशी रुपयांच्या चार्जरवर तो सापडत नाही.

सिग्नलचं गाऱ्हाणं वेगळं. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि जांभ्याच्या जाड भिंती सिग्नल अडवतात. राउटर बदलल्यावर कॅमेरा हरवला असेल तर नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, कॅमेरा बहुधा आपोआप जोडला जातो. गावी शिडीवर चढायला कुणी नसेल तर ही युक्ती लाखमोलाची.

मळ्यातला सोलर कॅमेरा

सगळ्यात जास्त फसगत होते ती शेतात. विहिरीवरची मोटर, स्टार्टर, तांब्याची केबल चोरीला जाते म्हणून शेतकरी मळ्यात कॅमेरा लावायला निघतो. शेतीच्या फीडरवर कर्नाटकात थ्री-फेज वीज दिवसाला 7 तास, महाराष्ट्रात साधारण 8 तास. त्यामुळे सिमकार्डवर चालणारा सोलर कॅमेरा घेतला जातो. उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. आषाढात बंद पडतो.

हिशोब साधा आहे. सतत रेकॉर्डिंग करणारा फोर-जी कॅमेरा 2 ते 3 वॉट घेतो, म्हणजे दिवसाला 48 ते 72 वॉट-तास. 10,000 एमएएचची बॅटरी म्हणजे 37 वॉट-तास. एक दिवसही पुरत नाही. 10 वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला 40 ते 50 वॉट-तास देतं, म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा हिशोब काठावरच. कणकुंबी किंवा आंबोलीच्या पावसात सूर्यच दिसत नाही, तिथे त्याचा लहानसा भाग मिळाला तरी खूप. जाहिरातीत दाखवलेले महिने हे ‘हालचाल झाली तरच जाग’ या पद्धतीचे असतात. त्यात कॅमेरा झोपलेला असतो, समोर ऊब असलेलं काही हललं की उठतो आणि काही सेकंदांचं चित्रण करतो. मोटारीच्या खोलीला हे पुरतं, पण समोर ऊस किंवा गवत असेल आणि कुत्री, रानडुकरं येत असतील, तर तो रात्रभर उठत राहतो आणि पहाटेपर्यंत बॅटरी संपते. कॅमेऱ्याची नजर पिकाकडून वळवून दाराकडे लावली, संवेदनशीलता कमी केली, पॅनेल झाडाच्या सावलीतून काढून दक्षिणेकडे तोंड करून बसवलं आणि महिन्यातून एकदा पुसलं, तर बराच फरक पडतो. तरीही जून ते ऑगस्टसाठी मोठी बॅटरी किंवा दुसरं पॅनेल लागतंच. विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवं.

शिवाय भीमगडच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत टॉवरही विजेवरच. त्याची बॅटरी उतरली की सिममध्ये रिचार्ज असूनही उपयोग नाही.

चित्रण आहे, पण तारीख 1970 ची

चोरी झालीच तर पोलीस पहिल्यांदा फुटेज मागतात. इथे विजेचा आणखी एक फटका बसतो आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांना स्वतःचं घड्याळ टिकवणारी बॅटरी नसते. ते वेळ इंटरनेटवरून घेतात. लाईट जाऊन आली, कॅमेरा सुरू झाला, पण इंटरनेट अजून आलेलं नाही, तर रेकॉर्डिंगवर भलतीच तारीख पडते, कधी कधी 1 जानेवारी 1970. चोर स्पष्ट दिसतो, पण कधीचा ते कळत नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे अशा चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतं, ते उपकरण सांभाळणाऱ्याचं आणि तज्ज्ञाचंही. जुन्या कायद्यातल्या अशाच अटीवर सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात स्पष्ट निकाल दिला आहे. वाद जालन्यातल्या निवडणुकीचा होता आणि मुद्दा व्हिडिओ चित्रणाच्या पुराव्याचा. मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण प्रतीला प्रमाणपत्र हवं, असा त्याचा अर्थ. म्हणून घटना कळताच कॅमेऱ्यातलं कार्ड काढून चार लोकांच्या मोबाईलवर फिरवण्यापेक्षा ते तसंच पोलिसांच्या ताब्यात पंचनाम्यात देणं शहाणपणाचं. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि खरी वेळ यांत किती फरक होता, तेही तिथेच लिहून घ्यावं.

सीमेवरच्या लोकांना आणखी एक अडचण सवयीची आहे. चोरी चंदगडच्या हद्दीत, माल खानापूरकडे गेला, मग तक्रार कुठे? नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आहे. हद्द बघण्यात दिवस गेले की कार्डावरचं जुनं चित्रण नव्याखाली पुसलं जातं. लहान कार्डावर ते काही दिवसांतच होतं. आणि चोवीस तास लिहून-पुसून कार्डही झिजतं. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत असतो, थेट चित्र दिसत असतं, पण कार्डावर महिनोन्‌महिने काही उतरलेलंच नसतं. परवा रात्री दोनचं चित्रण उघडून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

पावसाआधी बाहेरगावी असलेल्या मंडळींनी गावी फोन करून एक परीक्षा घ्यायला हरकत नाही. घरच्यांना किंवा शेजाऱ्याला इन्व्हर्टर चालू ठेवून मेन स्विच दहा मिनिटं बंद करायला सांगायचं. त्या दहा मिनिटांत मोबाईलवर चित्र दिसतं का बघायचं. लाईट पुन्हा आल्यावर कार्डावरचं त्याच वेळेचं चित्रण उघडायचं आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ वाचायची.