समतोलाचा उपदेश

गेल्या महिन्यांत एका शाळेच्या पालकसभेस जाण्याचा योग आम्हांस आला. विषय होता 'ऑनलाइन खेळ, कुटुंब आणि आरोग्य'. वक्ते विद्वान होते, वाणी रसाळ होती, आणि पडद्यावर दाखविलेलीं चित्रेंहि सुरेख होतीं. दिवसाच्या चोवीस तासांचें एक चक्र काढून त्यांतील लिंबाच्या फोडीएवढी एक फांक त्यांनीं खेळास दिली; उरलेलें चक्र अभ्यास, झोंप, व्यायाम व कुटुंब यांस वांटून टाकलें; आणि 'समतोल साधा' असा उपदेश करून ते खालीं बसले. टाळ्या पुष्कळ पडल्या. आम्हींहि वाजविल्या. परंतु घरीं परत येत असतां मनांत आलें कीं, घरोघरच्या आईबापांस तराजू सरळ धरावयास सांगणाऱ्या या गृहस्थांनीं, त्याच तराजूच्या एका पारड्यावर पलीकडून कोण बोट दाबून बसला आहे, हें एका शब्दानेंहि सांगितलें नाहीं. तें न सांगतां केलेला समतोलाचा उपदेश आम्हांस निरुपयोगी वाटतो. इतकेंच नव्हे, तर ज्यांचा दोष नाहीं त्यांच्या माथीं दोष मारणारा वाटतो.

आमच्याविषयीं गैरसमज होऊं नये म्हणून आरंभींच सांगतों, खेळाचे आम्ही वैरी नव्हों. ज्या समाजानें सोंगट्यांचे पट शिवले, सावंतवाडीस गंजिफा रंगविल्या, आणि मे महिन्याच्या दुपारीं माजघरांत पांच-तीन-दोनचे व मेंढीकोटाचे डाव मांडून आजीपासून नातवापर्यंत सर्वांस एका चटईवर बसविलें, त्या समाजांतील मनुष्यानें खेळास नांवें ठेवणें हा कृतघ्नपणा होईल. शिवाय आमचे स्वतःचे हातहि फारसे स्वच्छ नाहींत. रात्रीं जेवणानंतर संगणकावर बुद्धिबळाचा तीन मिनिटांचा एक डाव खेळावा, या निर्दोष हेतूनें आम्ही कित्येकदां बसलों आहों. आणि कोणा परदेशस्थ पोरानें मात दिल्यावर, गेलेले गुण परत मिळविल्याखेरीज उठावयाचें नाहीं, अशा हट्टानें साडेबारापर्यंत जागून दुसऱ्या दिवशीं सकाळच्या तासास तांबारलेल्या डोळ्यांनीं वर्गापुढें उभे राहिलों आहों. तेव्हां पुढें जें लिहीत आहों तें सोंवळें नेसून लिहीत नाहीं.

जुन्या खेळांत एक मोठा गुण होता, व तो आपल्या लक्षांतहि कधीं आला नाहीं. त्यांस शेवट असे. सोंगट्या घरीं पोंचल्या कीं पट गुंडाळला जाई. पत्ते संपले कीं हात मोजले जात. कोणी पिसावयास घेई तेवढ्यांत स्वयंपाकघरांतून 'पानं वाढलीं आहेत' अशी हांक येई, व मंडळी कुरकुरत कां होईना, उठत. खेळणारे सगळे मोठे इंद्रियनिग्रही होते असें नाहीं. खेळच उठण्याची संधि देत असे. दिवे जात, भिडू कंटाळत, शेजारच्या पोरास त्याची आई नेत असे.

मोबाइलवरील आजच्या बहुतेक खेळांतून ही संधि बुद्ध्या काढून टाकलेली आहे. खेळ मिळतो तो फुकट. करणाऱ्यास पैसा मिळतो तो खेळणारा किती वेळ बसला, कितीदां परतला, व बसल्या बसल्या काय विकत घेऊन बसला यावर. म्हणून रोज हजेरी लावणारास बक्षीस. एक दिवस चुकला कीं हजेरीची सांखळी तुटली. म्हणून 'सीझन' कांहीं आठवड्यांचा. तो उलटण्यापूर्वीं अमुक पायरी गांठली नाहीं तर हा पोषाख, ही बंदूक हातची गेली. म्हणून ती बंद पेटी, जी उघडल्यावर आंतून रत्न निघेल कीं खडा निघेल याचा नेम नाहीं. गेल्या शतकाच्या मध्यास स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कबुतरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, दाणा नेमानें न देतां अनियमितपणें दिला, तर पांखरूं कितीतरी अधिक चिकाटीनें चोंच मारीत राहतें. जें कबुतरास लागू पडलें, तें आपल्या पोरांस लागू पडतें. आणि, वरील कबुलीजबाबावरून दिसेलच, प्राध्यापकांसहि लागू पडतें. बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं कांहीं खेळांतील पैसे घेऊन उघडावयाच्या अशा पेट्यांस सरळ जुगार ठरविलें. २०२२ च्या डिसेंबरांत 'फोर्टनाइट' या प्रसिद्ध खेळाच्या कर्त्यांनीं, म्हणजे एपिक गेम्स या कंपनीनें, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढील तडजोडींत बावन्न कोटि डॉलर देण्याचें कबूल केलें. त्यांपैकीं साडेचोवीस कोटि हे, बटणांची मांडणी फसवी ठेवून खेळणारांकडून नको असलेली खरेदी करवून घेतली, या आरोपाबद्दल परत करावयाचे होते. आतां आमच्या वक्त्यांनीं सांगावें, ज्या मांडणीपुढें साऱ्या अमेरिकेंतले जाणते आईबाप ठकले, तिच्यापुढें सातवीच्या मुलानें भिंतीवरचें वेळापत्रक पाहून समतोल कसा साधावा?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत एक अक्षसूक्त आहे. त्यांतील जुगारी सासूच्या तिरस्कारास व पत्नीच्या उपेक्षेस पात्र झाला आहे. आतां खेळावयाचें नाहीं असा तो निश्चय करतो, सोबत्यांच्या मागें राहतो, आणि फांशांचा आवाज कानीं पडतांच पुन्हा तिकडे धांव घेतो. म्हणजे निश्चय आणि त्याचें मोडणें हीं आपल्याकडे तीन हजार वर्षांच्या ओळखीचीं आहेत. भेद इतकाच कीं, ते फांसे निर्जीव होते. खेळणारा केव्हां कंटाळला हें त्यांस कळत नसे. आजच्या फांशांस तें कळतें. खेळाडू दोन दिवस आला नाहीं, तर तिसऱ्या दिवशीं जेवतांना त्याच्या खिशांत 'तुमची टोळी तुमची वाट पाहत आहे' अशी घंटा वाजते.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, मग मोबाइल काढून घ्या. बरें, काढून घेऊं. परंतु त्यापूर्वीं रोज रात्रीं नऊच्या सुमारास घरोघर होणारें भांडण नीट पाहिलें पाहिजे. 'पबजी' हा खेळ आपल्या सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं बंद केला. २०२१ सालीं तो दुसरें नांव घेऊन परत आला. त्यांत चौघाचौघांच्या टोळ्या. मिळून शंभरएक खेळाडू. डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, आणि मध्येंच थांबवितां येत नाहीं. वडील म्हणतात, "आत्तांच्या आत्तां बंद कर." मुलगा म्हणतो, "बाबा, पांचच मिनिटं." वडिलांस हा उद्धटपणा वाटतो. परंतु त्या क्षणीं त्या मुलाच्या भरवंशावर तीन मित्र कोठल्याशा पडक्या इमारतींत दडून बसलेले असतात, व तो उठला तर तिघेहि बुडणार असतात. मित्रांस अर्ध्यावर टाकून पळूं नये, हें आपणच त्यास शिकविलें ना? खेळाची घडण ज्यास ठाऊक आहे तो बाप 'किती वेळ' असें न विचारतां 'किती डाव' असें विचारील. जेवणापूर्वीं एक, नंतर एक, आणि दुसरा संपला कीं यंत्र स्वयंपाकघराच्या फळीवर. आमच्या परिचयाच्या दोन-तीन घरांत असा करार टिकला आहे. मिनिटांचे करार टिकलेले आम्हीं पाहिले नाहींत. पण त्यासाठीं बापानें एखादा रविवार मुलाशेजारीं बसून खेळ समजून घ्यावा लागतो. आणि तें कोणी करीत नाहीं, कारण ओरडणें स्वस्त पडतें.

बापाचा विषय निघालाच आहे, तर त्या सभेंत ज्याचा उच्चारहि झाला नाहीं असा एक वर्ग सांगितला पाहिजे. तो म्हणजे चाळिशींतल्या पुरुषांचा. कचेरींतून साडेआठास परत यावें, जेवणाच्या ताटावर एक डोळा ठेवावा, आणि मुलें निजलीं कीं दीड वाजेपर्यंत आंगठे चालवावे, असे सुशिक्षित गृहस्थ प्रत्येक इमारतींत सांपडतील. त्यांस 'व्यसनी' कोणी म्हणत नाहीं. 'दिवसभर दमतात बिचारे' असें म्हणतात. ते दमतात हें खरें. परंतु मुलाचा गृहपाठ, सासूबाईंचें औषध, उद्यांचा डबा, हीं सारीं कामें त्या पांच तासांत जी एकटी करते तीहि दमत असावी. तिच्या विरंगुळ्याची फांक त्या चक्रांत कोठें होती, हें आम्हीं शोधून पाहिलें. नव्हती. मुलास 'मोबाइल ठेव' असें टेबलाखालीं आपला मोबाइल धरून सांगणाऱ्या पित्याचें मुलानें ऐकलें नाहीं, तर त्यांत खेळाचा दोष किती व पित्याचा किती, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

आतां 'व्यसन' या शब्दाविषयीं. जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या अकराव्या वर्गीकरणांत खेळाच्या विकारास स्थान दिलें आहे. तें वर्गीकरण २०१९ सालीं मान्य होऊन १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलें. परंतु त्यांतील लक्षणें कडक आहेत: खेळावरचा ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींहून खेळास वरचढ मानणें, नुकसान दिसत असूनहि न थांबणें, आणि हें सारें सामान्यतः बारा महिने चालणें. असे रोगी आहेत. त्यांस वैद्याकडेच नेलें पाहिजे, व बंगळूरच्या निमहान्स संस्थेंत त्यासाठीं स्वतंत्र दवाखानाहि आहे. परंतु ज्या घरांत रोज नऊ वाजतां भांडण होतें, त्यांपैकीं बहुतेकांत रोग नाहीं, झोंपेची चोरी आहे. पंधरा वर्षांचा मुलगा साडेसहास घर सोडतो. शाळा अथवा कॉलेज, मग क्लास, मग त्या क्लासच्या परीक्षेचा दुसरा क्लास. तो आठास परततो. मित्रांस भेटण्याचे तास जे उरले ते रात्रीं दहानंतरचे, आणि त्या तासांत मित्र सांपडतात ते त्या खेळांतच. तेव्हां समतोल पहिल्यांदां बिघडविला कोणी? खेळ येण्यापूर्वींच आपण त्याच्या चोवीस तासांतून संध्याकाळ कापून घेतली होती; खेळानें फक्त रात्र घेतली.

कायद्यानें हें सुधारेल अशी आशा ज्यांस असेल त्यांनीं पूर्वेकडे पाहावें. दक्षिण कोरियानें २०११ सालीं सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले. मोबाइलवरचे खेळ त्यांतून सुटले, मुलें तिकडे वळलीं, आणि दहा वर्षांनीं तो कायदाच मागें घेतला गेला. चीननें २०२१ सालीं मुलांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढाच तास ठेवला. तेथील सरकारास प्रत्येक खेळाडूचा ओळखक्रमांक हातीं धरतां येतो, व तसें सरकार आपणांस हवें आहे असें निदान आम्हांस वाटत नाहीं. आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ कीं नशिबाचा, हा रमीच्या पत्त्यांवरून चालत आलेला जुना वादहि त्यानें बाजूस सारला, आणि शिक्षा ठेवली ती खेळणारास नव्हे, खेळविणारास. हें शेवटचें आम्हांस फार आवडलें. पैशाच्या डावांस जो न्याय लावला, तोच मुलांच्या बंद पेट्यांस, तुटणाऱ्या हजेरीस आणि जेवतांनाच्या घंटेस लावावयास काय हरकत आहे? तसें होईतों उपदेशकांनीं निदान दोष कोणाचा हें तरी खरें सांगावें.

आणि थोडा दोष आपला स्वतःचाहि सांगावा. आमच्या इमारतीच्या आवारांत पूर्वीं एक मोकळी जागा होती. तेथें संध्याकाळीं मुलें क्रिकेट खेळत. एकदोन कांचा फुटल्या. पुढें गाड्या वाढल्या, आणि जागेवर पांढरे पट्टे आंखले गेले. सभेहून परतल्यावर आम्हीं वार्षिक बैठकींत सूचना मांडली कीं, शनिवार-रविवारीं पांच ते सात या वेळांत बारा गाड्या बाहेर रस्त्यावर लावाव्या, व जागा मुलांस द्यावी. चर्चा अर्धा तास झाली. रस्त्यावर गाडीस ओरखडा पडला तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न सर्वांत अधिक वेळ चालला. सूचनेच्या बाजूस सात हात वर झाले, विरुद्ध एकोणीस. आणि त्या एकोणिसांत, पालकसभेंत आमच्या शेजारीं बसून 'आमचा मुलगा खोलीबाहेरच पडत नाहीं हो' असें काकुळतीनें सांगणारे गृहस्थहि होते.