आधी जोडनोंदी, मगच नवे यंत्र
महसूल मंडळांपाठोपाठ ग्रामपंचायतींतही स्वयंचलित हवामान केंद्रे येत असताना सह्याद्रीतील वनक्षेत्राच्या पाणलोटांनाही हवा व ओढ्यांचे तापमान मोजणारी अद्ययावत उपकरणे मिळालीच पाहिजेत. मात्र जेथे जुनी उपकरणे आहेत, तेथे ती नव्यांसोबत किमान वर्षभर चालवून दोन्हींच्या जोडनोंदी घेतल्याखेरीज काढू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाऱ्याचा तापमापक आणि इलेक्ट्रॉनिक संवेदक एकाच जागी ठेवले तरी त्यांच्या नोंदींत अंशाच्या काही दशांशांचा फरक पडू शकतो. संवेदक उथळ, उन्हातील पाण्यात बसवला तर आकडा आणखी फुगतो. हवामानबदलाचा वेगही दशकामागे अंशाच्या दशांशांतच मोजला जातो. त्यामुळे जोडनोंदींविना उपकरण बदलले, तर ओढा खरोखर तापला की केवळ यंत्र बदलले, हे कधीच सांगता येणार नाही.

हा प्रश्न फक्त अभ्यासकांचा नाही. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना ते प्रमाण साडेसातवर येते. वैशाखात आटत चाललेल्या डोहातील माशांसाठी ही घट जीवघेणी ठरू शकते. काठची झाडे तोडल्याने पाणी किती तापले, याचा पुरावाही याच नोंदींत मिळतो.

वन आणि जलसंपदा विभागांनी उपकरणखरेदीच्या निविदांतच समांतर नोंदी, प्रमाणित तापमापकाशी दरवर्षी पडताळणी आणि सर्व आकडे जनतेसाठी खुले ठेवण्याची अट घालावी. एकदा तुटलेली नोंदमालिका नंतर कितीही निधी ओतला तरी सांधता येत नाही.