उंदरांचं सोनं

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीच्या यकृतात गाठ निघाली. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर कुणीतरी तिच्यापुढे मोबाईल धरला. 'सोन्याचे सूक्ष्म कण शोधणार कॅन्सर!' मावशीने ते दोनदा वाचलं आणि मला म्हणाली, "अगं, मग डॉक्टरांना तेच द्यायला सांग की. माझ्या दोन बांगड्या आहेत की."

हसावं की रडावं कळेना. घरी येऊन मी मूळ इंग्रजी बातमी शोधली. मराठीत खोटं काहीच नव्हतं, फक्त येता येता एक शब्द गळला होता: उंदरांमध्ये.

तोवर मावशीने बायोप्सी पुढे ढकलली होती. सोन्याचं इंजेक्शन येणार, मग सुई कशाला टोचून घ्यायची? तिला समजावण्यात तीन आठवडे गेले. बातमी फॉरवर्ड करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, म्हणून रागवायचं तरी कुणावर.

सोन्याचे कण ही थाप नाही. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून जे औषध देतात त्यात आयोडिन असतं. त्याचा अणुक्रमांक 53, सोन्याचा 79. जड अणू क्ष-किरण जास्त अडवतो आणि चित्रात उठून दिसतो. 2006 साली अमेरिकेत हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 1.9 नॅनोमीटरचे सुवर्णकण टोचून गाठी दाखवल्या, पण उंदरांच्या. शिवाय कण टोचले म्हणजे गाठीत पोहोचले असं नाही. प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा एक आढावा 2016 मध्ये आला. त्यात साधारण 0.7 टक्के डोस गाठीपर्यंत गेलेला दिसला, म्हणजे हजारातले सात कण. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहेत अडकतात, आणि सोनं काही लवकर विरघळत नाही.

माणसांपर्यंत खरोखर पोहोचलं ते लोखंड. गंजाच्या जातकुळीतलं, लोहाच्या ऑक्साइडचं. 1996 मध्ये अमेरिकेत यकृताच्या एमआरआयसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याची तऱ्हा मला फार आवडते. निरोगी यकृतातल्या पेशी हे कण गिळतात आणि चित्रात काळ्या पडतात. गाठीत त्या पेशी नसतात, म्हणून ती उजळच राहते. शोधायची गाठ, आणि रंग बदलतो तो भोवतालचा! 2003 मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या 80 रुग्णांवर अशाच कणांचा अभ्यास झाला. कॅन्सर पसरलेल्या लसिका ग्रंथींपैकी साध्या एमआरआयला 35.4 टक्के ओळखता आल्या, कण दिल्यावर 90.5 टक्के. तरीही या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही, आणि यकृताचं पहिलं औषधही पुढे बाजारातून गेलं.

ही लोखंडाची गोष्ट मला कुणी फॉरवर्ड केली नाही. बाळगुटीत सोनं उगाळणारे आपण, सोनं म्हटलं की अर्धा विश्वास आधीच बसतो. भाषेचं वजन कुठे पडतं हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना कळायला हवं, म्हणून हा विषय मी सायन्सवाल्यांवर सोडणार नाही. आपल्या मंडळात एकजण म्हणाला, "बातमीने आशा मिळते, मिळू दे की." आशेला माझी ना नाही. पण आजारी माणूस बातमीतला प्रत्येक शब्द स्वतःला लावून वाचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. अनुवाद करणाऱ्याने प्रयोग कुणावर झाला हे मथळ्यातच लिहावं. मथळा बेचव होईल, होऊ दे. आपल्या अंकात विज्ञानाचं पान येणार असेल तर संपादकांनी असा मथळा नसलेला मजकूर सरळ परत पाठवावा, माझा असला तरी.

मावशीची बायोप्सी झाली, आता केमो चालू आहे. उंदरांची हकिकत मी तिला नीट सांगितली. तिने ऐकून घेतलं, बांगड्या परत डब्यात ठेवल्या आणि म्हणाली, "उंदरांना सोनं घालतात होय गं?"