कॅमेरा मिरवायला, लेन्स बघायला

कॅमेऱ्याच्या दुकानात हल्ली एक गंमत दिसते. काचेच्या कपाटात अगदी पुढे मांडलेला नवाकोरा कॅमेरा दिसायला मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा असतो! चांदीसारखा चकाकणारा माथा, खाली चामड्यासारखं काळं आवरण आणि डोक्यावर आकडे कोरलेल्या गोल चकत्या. निकॉनने २०२१ मध्ये आणलेला ‘झेड एफसी’ हा त्यातलाच. १९८२ साली आलेल्या त्यांच्याच ‘एफएम टू’ या रोलच्या कॅमेऱ्याचं रूप त्याला दिलंय. त्याचा थोरला भाऊ ‘झेड एफ’ २०२३ मध्ये आला. फुजीफिल्मचेही असे जुन्या वळणाचे कॅमेरे आहेत. पोटात मात्र सगळं आजचं. रोल नाही आणि आतला तो वर-खाली होणारा आरसाही नाही, म्हणून नाव मिररलेस.

हे कॅमेरे बायका-मुलींना आवडतात, आणि का आवडू नयेत? हलके आहेत, देखणे आहेत. झेड एफसी तर गुलाबी आणि पुदिन्यासारख्या हिरव्या रंगातही आला होता. माझी तक्रार रंगाबद्दल नाहीच. तक्रार आहे ती दुकानातल्या संभाषणाबद्दल. ‘मॅडम, कलर कुठला दाखवू?’ हे आपल्याला विचारतात आणि ‘साहेब, लेन्स कुठली देऊ?’ हे शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला किंवा भावाला! जणू रंग निवडणं हे बाईचं काम आणि काच निवडणं हे पुरुषाचं. आपणही ‘तुम्हीच बघा हो त्यातलं’ म्हणून मोकळ्या होतो.

मैत्रिणींनो, इथंच थांबायला हवं. कॅमेरा मिरवायला असतो, बघायला असते ती लेन्स. कुठून बघायचं, किती जवळ जायचं, कोणाला चौकटीत घ्यायचं हे सगळं लेन्स ठरवते. ते दुसऱ्यावर सोपवलं, तर फोटो आपण काढले तरी नजर दुसऱ्याचीच राहते.

आणि त्यात अवघड असं काही नाही. दोन आकडे कळले की झालं.

पहिला आकडा मिलिमीटरचा. आकडा लहान तेवढं जास्त दृश्य मावतं, मोठा तेवढं लांबचं जवळ येतं. यात एक खोच आहे. झेड एफसीच्या आतली चित्र टिपणारी चकती, म्हणजे सेन्सर, झेड एफपेक्षा लहान आहे. त्यामुळे त्याच्यावर आकड्याला दीडने गुणायचं. ४० मिलिमीटरची तीच लेन्स झेड एफवर ४०च राहते, पण झेड एफसीवर ६० सारखी वागते. आपल्या डोळ्यांना सहज वाटणारं दृश्य साधारण ४० ते ५०च्या आसपास असतं. म्हणून झेड एफसीवर २८ची लेन्स (दीडपट केली की ४२) घरात-अंगणात फार सोयीची. फुजीफिल्मच्या एक्स मालिकेतल्या कॅमेऱ्यांनाही हाच दीडचा हिशेब लागतो. तिथं २७ची छोटीशी लेन्स तेच काम करते.

दुसरा आकडा ‘एफ’चा. ही लेन्सची खिडकी. इथं हिशेब उलटा, आकडा लहान तेवढी खिडकी मोठी. झेड एफसीबरोबर बहुतेक वेळा १६-५०ची झूम लेन्स मिळते. ती पुरती लांबवली की तिची खिडकी एफ ६.३ वर येते. त्या जागी एफ २ची लेन्स असेल तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट! दुपारी अंगणात पापड वाळत घातलेत, तिथं हा फरक जाणवणार नाही. पण संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात भाकरी थापणारी सासू, समईपुढे बसलेली आजी, मंगळागौरीच्या रात्री फुगडी घालणाऱ्या पोरी... तिथं झूम लेन्स धापा टाकते. फोटो हलतो, नाही तर दाणेदार होतो.

दुकानदार सांगतील, ‘मॅडम, या झूममध्ये हात हलला तरी फोटो स्थिर येतो.’ खरं आहे ते. झेड एफसीच्या बॉडीत ती सोय नाही, त्यामुळे लेन्समध्ये असली तर उपयोगाचीच. पण ती सोय आपला हात सावरते, फुगडी घालणारीला थांबवत नाही! हलत्या माणसाला वेगाने टिपायचं तर उजेडच हवा, म्हणजे मोठी खिडकीच हवी.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की दुसरी लेन्स घ्यायची झाली तर लांबलचक झूम नको. एकाच मापाची, लहान, मोठ्या खिडकीची लेन्स घ्या. निकॉनमध्ये २४ एफ १.७, २८ एफ २.८ किंवा ४० एफ २, यातली कुठलीही दोनशे ग्रॅमच्या आतली. भाजीच्या पिशवीत सहज मावते. जो कॅमेरा बरोबर नेणं जड जातं, तो कपाटातच राहतो. पुढेमागे झेड एफ घ्यायचा विचार असेल तर २८ किंवा ४० बरी. त्या दोन्ही मोठ्या सेन्सरला पुऱ्या पडतात. २४ची मात्र लहान सेन्सरसाठीच केलेली आहे.

यावर कुणी म्हणेल, ‘झूम नसली तर लांबचं कसं काढणार?’ प्रश्न रास्त आहे. मुलांचं गॅदरिंग असतं, मैदानावरची शर्यत असते, तिथं आपल्याला पुढे जाता येत नाही. पालखीच्या गर्दीत घुसणंही प्रत्येकीला रुचत नाही आणि त्यात काही चूक नाही. ज्यांचं मन अशाच फोटोंत रमतं त्यांनी खुशाल ५०-२५०ची झूम घ्यावी. माझं म्हणणं एवढंच, की वर्षातून एकदा येणाऱ्या गॅदरिंगसाठी रोजच्या तीनशे चौसष्ट दिवसांची लेन्स ठरवू नका.

मग आपल्याला काय हवं हे कळायचं कसं? सोपं आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम तीन महिने वापरा. प्रत्येक फोटोच्या तपशिलात मिलिमीटरचा आकडा नोंदलेला असतो. मनापासून आवडलेले पन्नास फोटो निवडा आणि वहीत आकडे मांडा, अगदी दुधाच्या हिशेबासारखे. बहुतेक २४-२८च्या घरात निघाले तर तीच आपली लेन्स. ४०च्या आसपास असतील तर ४०. दर वेळी ५०च्या टोकाला जाऊन अडला असाल तर मात्र झूमच घ्या. हा हिशेब दुकानदाराजवळ नसतो, नवऱ्याजवळही नसतो. तो आपल्याच वहीत असतो.

घरात बाबांचा जुना निकॉन असेल तर त्याची लेन्स मोडीत काढू नका. अॅडॉप्टर लावून ती या नव्या कॅमेऱ्यांवर बसते. फोकस हाताने करावा लागतो, पण पडद्यावर स्पष्ट भागाच्या कडा रंगवून दाखवायची सोय असते, त्यामुळे जमतं. आधी काचेत टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. कोकणात, किंवा पावसाळ्यात कुठेही, लेन्सचा हाच खरा शत्रू. कातड्याच्या पेटीत बंद करून ठेवण्यापेक्षा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला म्हणायचा. दाणे बदलावे, आणि मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

आता पैशांचं. लेन्स स्वस्त नाही, बांगडीचा विचार पुढे ढकलावा लागेल अशी खरेदी आहे. पण कॅमेऱ्याची मॉडेलं बदलत राहतात, चांगली लेन्स त्याच जातीच्या पुढच्या कॅमेऱ्यावरही चालते. म्हणून रंगापेक्षा काचेवर खर्च करावा, हे सरळ व्यवहाराचं बोलणं.

पण नुसता व्यवहार असता तर मी एवढं लिहिलं नसतं. होमाई व्यारावाला हे नाव आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या बाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीच्या काळात त्यांनी काढलेले फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने! आज नाव आपलं लागतं. मग नजरही आपलीच लागू दे ना.

आपल्या गावातल्या घरांत अशा कितीतरी जागा आहेत जिथं लग्नाचा फोटोग्राफर पोचत नाही. डोहाळजेवणाच्या आदल्या रात्रीची कुजबुज, माजघरात चाललेलं पुरणाचं वाटण, बाळंतिणीची खोली, दुपारी निवांत पाय पसरून बसलेल्या जावा-जावा. तिथं आपणच असतो. तिथं लांबून डोकावणारी झूम नको, हातभर अंतरावरून बघणारी छोटी लेन्स हवी. हे फोटो आपण काढले नाहीत तर कुणीच काढणार नाही, आणि वीस वर्षांनी आपल्या मुलींना ते घर कसं होतं हे दाखवायला काही उरणार नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की रंग हवा तो घ्या. पण ‘लेन्स कुठली?’ हा प्रश्न शेजारच्याकडे वळला, तर मधेच थांबवा आणि वही उघडून सांगा, ‘ते मी ठरवलंय.’