सह्याद्रीला हिमनदी नाही

गंगोत्रीची हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांबीची आहे. हिवाळ्यात साठलेले बर्फ ती ऐन उन्हाळ्यात थोडेथोडे सोडते आणि भागीरथीकाठची गावे तग धरतात. तापमानवाढीमुळे ती मागे हटत आहे, याची चिंता देशभर व्यक्त होते व ती रास्तच आहे. सह्याद्रीला मात्र निसर्गाने असे भांडार दिलेले नाही. मावळात पाऊस कोसळतो तो चार महिने. उरलेल्या आठ महिन्यांची तरतूद येथे माणसालाच धरणे बांधून करावी लागते.

पिंपरी-चिंचवडची अशी तरतूद म्हणजे पवना धरण. त्याचे पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून घरांना व कारखान्यांना पुरविले जाते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, त्यामागोमाग औद्योगिक वसाहत वाढली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती. धरण मात्र तेवढेच राहिले. २०१९ च्या अखेरीस शहराला दिवसाआड पाणी घेण्याची वेळ आली, यात नवल ते काय?

हिमनदी आणि धरण यांत एक मूलभूत भेद आहे. हिमनदीसाठी कोणाला घर सोडावे लागत नाही. धरणाचे पाणी कोणाच्या तरी शेतावर उभे असते. पवनेच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. पुढे ९ ऑगस्ट २०११ रोजी बंदिस्त जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात मावळातील तिघांचा बळी गेला. नळातून नेल्यास पाण्याची गळती व प्रदूषण टळेल, हे शहराचे म्हणणे खोटे नव्हते. पण पात्रातून वाहणाऱ्या पाण्यावर काठची शेती जगते, ही शेतकऱ्यांची भीतीही निराधार नव्हती.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न खर्चाच्या वाटणीचा आहे. पाणी उपसण्याचा व शुद्ध करण्याचा खर्च हिशेबात येतो. ज्यांची जमीन बुडाली, त्यांचे नुकसान कोणत्या रकान्यात मांडायचे? कारखान्यांच्या पाणीपट्टीतील ठराविक वाटा पाणलोटातील गावांकडे वळविला पाहिजे. जेथे चालेल तेथे कारखान्यांनी प्रक्रिया केलेले सांडपाणीच वापरले पाहिजे. चाकणचे कारखाने आणि भामा-आसखेडचे धरणग्रस्त तर एकाच खेड तालुक्यातले. आंद्रा व भामा-आसखेडच्या पाण्यावर शहराने हक्क सांगण्यापूर्वी पवनेची ही जुनी थकबाकी फेडणे हेच न्यायाचे, आणि शहाणपणाचेही, ठरेल.