सेकंड-हँड लॅपटॉप घेताय? आधी त्याचा पंखा ऐका

बंगळूरमध्ये जुना लॅपटॉप हवा म्हटलं की लोक चिकपेटच्या दिशेनं बोट दाखवतात. साड्यांच्या दुकानांच्या गल्ल्या ओलांडून थोडं पुढं गेलं की सदर पत्रप्पा रोड लागतो. सगळे त्याला एस. पी. रोडच म्हणतात. चिकपेट मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. इथल्या चिंचोळ्या दुकानांत केबलच्या भेंडोळ्यांपासून लॅपटॉपच्या थप्प्यांपर्यंत सगळं मिळतं. शहरातल्या कंपन्या काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि त्यांतले पुष्कळ अशा बाजारांत येतात.

पण तुम्हाला तो लॅपटॉप बिलं करायला किंवा सिनेमे बघायला नको आहे. तुम्हाला तो प्रवासात आवाज रेकॉर्ड करायला हवा आहे. गावच्या जत्रेतलं भजन, मामांच्या तोंडच्या जुन्या गोष्टी, आजीच्या ओव्या. मग निवडीचे निकष बदलतात.

हे काम का महत्त्वाचं आहे?

शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून या पेठांमध्ये मराठी ऐकू येते. चिकपेट, नगरतपेट, कब्बनपेट भागांतल्या जुन्या मराठी घरांत आजही कानडी वळणाची मराठी बोलली जाते. तंजावरकडची मराठी वेगळी, बेळगावची वेगळी. ही बोलणी पुस्तकांत फारशी सापडत नाहीत. ती माणसांच्या तोंडी आहेत आणि ती माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत.

आवाज जपला तर काय होतं, याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १ हजाराहून जास्त गावं आणि १ लाखाहून जास्त ओव्या! पुढं संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं सुमारे १२० तासांचं रेकॉर्डिंग झालं. गावात पिठाची गिरणी आली आणि घरातलं जातं थांबलं. ओव्या मात्र आजही ऐकता येतात, कारण कुणीतरी वेळेवर माइक धरला.

तुमचं काम एवढं मोठं नसेल. पण वर्षातून एकदा गावी जाणं होत असेल, तर रेकॉर्डिंगची संधीही एकदाच मिळते. ‘आजी, पुन्हा म्हण’ असं पुढच्या वर्षी म्हणता येईलच असं नाही. म्हणून यंत्र भरवशाचं हवं.

आधी ठरवा: लॅपटॉप हवाच का?

एकटीदुकटी आजी बोलणार असेल, तर चांगला फोन किंवा हातात मावणारा रेकॉर्डर पुरतो. तोंडासमोर लॅपटॉपचा पडदा उघडला की म्हातारी माणसं बुजतात. छोटं यंत्र बाजूला ठेवलं की ती विसरतात आणि मोकळं बोलतात.

लॅपटॉप लागतो तो दोन-तीन माइक एकदम जोडायचे असतील, रोजचं रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकून नीट लावून ठेवायचं असेल, किंवा प्रवासातच कापाकापी करायची असेल तेव्हा. तुमचं काम यात बसत असेल तरच पुढं वाचा. नाहीतर तेच पैसे चांगल्या माइकवर घाला.

काय बघून घ्यायचं?

*पंखा.* हा पहिला निकष. लॅपटॉप तापला की पंखा घोंघावतो आणि तो आवाज माइकमध्ये जातो. २०२० चा एम-वन मॅकबुक एअर यात सरस ठरतो, कारण त्यात पंखाच नाही. वजनही १.२९ किलो, म्हणजे खांद्याला सोपं. उणीव अशी की त्याची रॅम आणि साठवण नंतर वाढवता येत नाही. जोडण्याही फक्त दोन, त्याही टाइप-सी. जुन्या पद्धतीचा माइक असेल तर वेगळा जोड घ्यावा लागतो.

*दुरुस्तीची सोय.* विंडोजवर राहायचं असेल, तर कंपन्यांमधून आलेले थिंकपॅड टी-४८०, डेल लॅटिट्यूड ७४९० किंवा एचपी एलिटबुक ८४० जी-५ यांसारखे मॉडेल शोधा. त्यांना पंखा आहे. पण रॅम आणि एसएसडी बदलता येते आणि यूएसबीच्या जोडण्या पुरेशा असतात. टी-४८० ची एक बॅटरी बाहेरून काढता येते, ही प्रवासात मोठी सोय.

*प्रोसेसरची पिढी.* विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण ८ वी पिढी किंवा त्यापुढची लागते. सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला, तरी मोहात पडू नका.

*रॅम आणि साठवण.* ८ जीबी रॅम ही किमान मर्यादा. अनेक माइकचं काम असेल तर १६ बरी. साठवण एसएसडीचीच हवी. जुन्या हार्डडिस्कची तबकडी फिरते, घरघरते आणि बसच्या धक्क्यांनी दुखावते.

जागा किती लागते? २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ अशा चांगल्या दर्जाचं एक तासाचं रेकॉर्डिंग साधारण १ जीबी होतं. म्हणजे वर सांगितलेलं १२० तासांचं काम या दर्जात सव्वाशे जीबीत बसेल. तुम्हाला २५६ जीबी पुष्कळ झाली. ५१२ साठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा एक वेगळी बाहेरची डिस्क घ्या.

दुकानात काय तपासायचं?

एस. पी. रोडवर एक खरी अडचण आहे: गोंगाट. रिक्षांचे हॉर्न, हमालांच्या हाका आणि शेजारच्या दुकानातलं गाणं यांत पंख्याची घरघर ऐकूच येत नाही. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी, दुकानं नुकती उघडलेली असताना जा. बरोबर स्वतःचे हेडफोन, स्वतःचा माइक आणि एक पेनड्राइव्ह न्या. मग या क्रमानं बघा:

१. लॅपटॉपवर वीस मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. तो तापू द्या. मग कान पंख्याच्या जाळीजवळ नेऊन ऐका. एकसारखा ‘सूंऽऽ’ असा आवाज चालेल. खरखर किंवा टकटक असेल तर पंखा खराब झालाय.

२. तुमचा माइक जोडून चार्जर लावलेला असताना अर्धा मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा. मग चार्जर काढून पुन्हा तसंच करा. हेडफोननं दोन्ही ऐका. बाजाराचा आवाज दोन्हीकडे येईलच. पण पहिल्यात खाली एक ‘हूंऽऽ’ अशी गुणगुण असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा आहे. चार्जर बदलून बघायला सांगा.

३. प्रत्येक यूएसबी जोडणीत पेनड्राइव्ह आणि माइक घालून हलकेच हलवा. संपर्क तुटत असेल तर तो लॅपटॉप बाजूला ठेवा. भर ओवीत माइक बंद पडला तर काय उपयोग?

४. बॅटरीचा अहवाल काढून मागा. विंडोजमध्ये आणि मॅकमध्ये दोन्हीकडे तो दिसतो. मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता यांत किती फरक आहे, ते बघा. निम्म्याहून खाली आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावात धरा.

५. लॅपटॉप तुमच्यासमोर पूर्ण रिसेट करून नव्यानं सुरू करायला सांगा. त्यानं जुन्या मालकाचा किंवा कंपनीचा पासवर्ड मागितला, तर तो घेऊ नका. पुढं तो कधीही कुलूपबंद होऊ शकतो.

६. बिलावर लॅपटॉपचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो मागच्या स्टिकरशी जुळवा. वॉरंटी किती दिवसांची, ती त्याच बिलावर लिहून घ्या. तोंडी वचन दुकानाच्या पायरीपर्यंतच चालतं.

शेवटी भावाचं. ‘एष्टु?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ आणि ‘स्वल्प कडिमे माडि’ म्हणजे ‘जरा कमी करा’. एवढी दोन कानडी वाक्यं हसून म्हटली की बोलणं सुरू होतं. पण तीन-चार दुकानं बघितल्याशिवाय पाकीट उघडू नका. हातात जेवढे पैसे आहेत, ते सगळे लॅपटॉपवर घालू नका. माइक, हेडफोन आणि बाहेरची डिस्क यांच्यासाठी किमान तिसरा हिस्सा राखून ठेवा. ऐकणाऱ्याला तुमचा प्रोसेसर ऐकू येत नाही, माइक ऐकू येतो.

निघण्याआधी घरी रंगीत तालीम

गावी जाण्याच्या किमान आठवडाभर आधी घरातल्याच कुणाला तरी बसवून पूर्ण तासभर रेकॉर्डिंग करा. मुलांना हे काम फार आवडतं. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय, ब्लूटूथ आणि आपोआप होणारे अपडेट बंद ठेवा. मधेच ‘टिक्-टिक्’ तुटक आवाज येतात, त्यामागं पुष्कळदा हेच असतं. शक्य असेल तर चार्जर काढून, बॅटरीवर रेकॉर्ड करा.

माइक बोलणाऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर, लॅपटॉप मात्र लांब, दुसऱ्या टेबलावर. सतरंजी, पडदे, गाद्या असलेली खोली निवडा. तिथं आवाज घुमत नाही. सुरुवातीला दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसा. खोलीचा तो मूळ आवाज नंतर घरघर काढायला उपयोगी पडतो.

विमानानं जाणार असाल तर लॅपटॉपची सुटी बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानात टाकायला परवानगी नसते.

आणि रोज रात्री, कितीही दमला असाल तरी, रेकॉर्डिंगच्या तीन प्रती करा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक सोबतच्या दुसऱ्या माणसाच्या पेनड्राइव्हवर. फाइलला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव द्या. ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ या नावाची फाइल पाच वर्षांनी कुणीच उघडत नाही.

एक गोष्ट बाजारात मिळत नाही

ती म्हणजे परवानगी. माइक लावण्याआधी विचारा. हे कोण ऐकणार आहे, ते सांगा. रेकॉर्डिंग झाल्यावर ते त्यांनाच आधी ऐकवा. आपलाच आवाज ऐकून कित्येक आज्या लाजतात, मग हसतात, आणि म्हणतात, ‘अगं, हिच्या पुढची ओवी राहिलीच की!’ तेव्हा बॅटरी शिल्लक असू द्या.