पाचव्या वर्गाची पावती

कांदिवलीचे तिघं आणि तुलूझला नोकरी करणारा एक, असे आम्ही चौघं मित्र गेल्या सप्टेंबरात दक्षिण फ्रान्समध्ये आल्बीहून मियोकडे निघालो होतो. भाड्याच्या चार मोटरसायकली, डी-९९९ नावाचा साधा रस्ता, दोन्ही बाजूंना माळ, मेंढ्या आणि दगडी घरांची गावं. रोकफोर चीजचं गाव वाटेपासून जवळच. तिकडचे फोटो भरपूर आहेत, पण प्रवासवर्णन लिहायला मी बसलेलो नाही. मला भांडायचंय, आणि भांडण मियोच्या टोलनाक्यावर सुरू होतं.

मियोचा पूल जगप्रसिद्ध आहे. २००४ साली सुरू झालेला, सुमारे अडीच किलोमीटर लांब, तार्न नदीच्या खोऱ्यावरून कितीतरी उंचीवरून जाणारा. आम्ही तो बाइकवरून पार केला आणि टोल भरला. पावतीवर लिहिलं होतं 'वर्ग ५'. तुलूझवाल्याने सांगितलं की इथे पाचवा वर्ग म्हणजे मोटरसायकल. चारकोपचा मित्र ती पावती हातात धरून हसतच सुटला. "अरे, ह्यांनी आपल्याकडून पैसे घेतले!"

ह्यात हसण्यासारखं काय, ते मुंबईत दुचाकी चालवणाऱ्याला लगेच कळेल. आपल्याकडे नव्या रस्त्यावर आपल्याकडून पैसे घेत नाहीत, कारण आपल्याला तिथे येऊच देत नाहीत.

यादीच बघा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ साली पूर्ण झाला, दुचाकीला बंदी. २००९ साली वांद्रे-वरळी सी लिंक, बंदी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू, बंदी. दोनच महिन्यांनी कोस्टल रोडचा पहिला टप्पा, बंदी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्यावरही बंदी. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने ज्या रस्त्यांचे फोटो अभिमानाने छापले, त्यातल्या बहुतेकांवर बाइक दिसणार नाही. आणि देशात नोंदणी झालेल्या दर चार वाहनांपैकी जवळपास तीन दुचाकी आहेत! कोस्टल रोडला तर टोलही नाही, तो महापालिकेच्या पैशातून झालाय. ह्या तिजोरीत पैसे घालणाऱ्यांत रोज ॲक्टिव्हावर अंधेरी गाठणारा कारकूनही आहे आणि जेवणाची डिलिव्हरी करणारा पोरगाही. रस्ता मात्र फक्त चार चाकांना.

ह्यावर ठरलेली तीन उत्तरं येतात.

पहिलं, समुद्रावर वारा असतो. असतोच. मियोच्या पुलावरही असतो, म्हणून तिथे दोन्ही कडांना तीन मीटर उंच वाऱ्याचे पडदे बसवलेत. 'युरोपात पैसा आहे' असं म्हणणार असाल तर मलेशियात या. पेनांगचा दुसरा पूल २०१४ साली सुरू झाला. लांबी २४ किलोमीटर, म्हणजे अटल सेतूपेक्षा जास्त. खाली समुद्र, वर आपल्यासारखाच धो धो पाऊस, आणि कडेला मोटरसायकलींसाठी वेगळी लेन. वारा हा तिथल्या इंजिनिअरने सोडवलेला प्रश्न आहे. आपल्याकडे तोच प्रश्न फलक लावून मिटवतात.

दुसरं उत्तर वेगाचं. ह्यात तथ्य आहे. ताशी शंभरने धावणाऱ्या गाड्यांमध्ये शंभर सीसीची बाइक साठने चालली तर धोका आहेच. फ्रान्समध्येसुद्धा ५० सीसीच्या मोपेडला ऑटोरूटवर मनाई आहे. रेघ ओढायला माझा विरोध नाही. पण रेघ वेगावर ओढा, चाकं मोजून नको. एक्सप्रेसवेवर ऐंशीची मर्यादा असलेला ट्रक चालतो, तेवढ्याच वेगाने आरामात जाणारी माझी बुलेट चालत नाही. आमच्यातल्याच एकाचं म्हणणं, साडेतीनशे सीसीच्या वरच्यांना सोडा, बाकीच्यांना नको. मला हे पटत नाही. लांबच्या एक्सप्रेसवेवर एक वेळ चालेल, शहरातल्या पुलावर नाही. स्प्लेंडरवाल्याला खाली ठेवून स्वतः वर चढायचं, तर कारवाले आपल्याशी वागतात तसेच आपण त्याच्याशी वागलो. शहरातल्या पुलांवर सगळ्या दुचाकींना पुरेल अशी वेगळी लेनच हवी.

तिसरं उत्तर आमच्या वागण्याचं, आणि इथे मान खाली घालावी लागते. रविवारी पहाटे सायलेन्सर बदलून घोडबंदरला झोपलेल्या इमारती हलवणारे आमच्यातलेच. तीन-तीन जण बसून, हेल्मेट कोपरात अडकवून जाणारेही आमचेच. त्यांना पकडा, दंड करा, लायसन्स काढून घ्या. पण दारू पिऊन माणसं चिरडणाऱ्या कारच्या बातम्या दर महिन्याला वाचतो, म्हणून सी लिंकवर कारबंदी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. कारवाला चुकला तर तो एकटा चुकतो. बाइकवाला चुकला की सगळी जमात चुकते.

आता सुरक्षिततेचं बोलू, कारण बंदी आमच्याच जिवासाठी आहे असं सांगतात. मालवणला एका मित्राचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या रात्री आम्ही दोन बाइकवर निघालो. कार असलेला शेजारी एक्सप्रेसवेने कोल्हापूरला गेला आणि तिथून घाट उतरला. आम्ही वाशीचा पूल, पनवेल, पेण करत मुंबई-गोवा हायवेला लागलो. ह्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा मी शाळेत होतो. मधल्या काळात मी इंजिनिअर झालो, दोन नोकऱ्या बदलल्या, पण हा रस्ता काही पूर्ण झाला नव्हता. माणगावच्या पुढे पावसात, डायव्हर्जनच्या तोंडाशी, पाण्याने भरलेला खड्डा मित्राला दिसलाच नाही. कॉलरबोन मोडली. गावातल्या एका काकांनी त्यांच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. "आमच्याकडे दर पावसाळ्यात एक-दोन असतातच," ते म्हणाले. त्या वर्षी मित्राच्या बाबांनी एकट्यानेच गणपती घरी आणला.

चांगला, सरळ, दिवे असलेला रस्ता आमच्यासाठी धोक्याचा, आणि हा सुरक्षित? नव्या रस्त्यावर बंदी घातल्याने बाइकवाल्याचा प्रवास थांबत नाही, तो जुन्या रस्त्यावर जातो. तिथे पडला की तो अपघात नव्या रस्त्याच्या हिशेबात येत नाही, एवढंच. आमच्या धंद्यात ह्याला बग दुसऱ्या टीमकडे ढकलणं म्हणतात. डॅशबोर्ड हिरवा होतो, बग तसाच राहतो.

हे आत्ता लिहिण्याचं कारण घराजवळचंच आहे. वर्सोव्याहून दहिसरकडे जाणारा पुढचा कोस्टल रोड आमच्या चारकोपवरून जाणार आहे. मालाडहून बोगदा, चारकोपहून गोराईकडे पुढे. आमची खारफुटी जाणार, बांधकामाची धूळ आमच्या खिडक्यांवर बसणार, खर्चात आमचाही वाटा असणार. दुचाकीचं काय, हे विचारायची वेळ आत्ताच आहे. पूल बांधून झाल्यावर लेन वाढवता येत नाही, आणि फलकाशी कोणी वाद घालत नाही. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हा एवढा एकच प्रश्न विचारा. कारवाल्यांनीही विचारा, कारण तुमचं जेवण आणि औषधं दुचाकीवरूनच येतात.

फुकट काही नकोय. टोल घ्या, पावती द्या. पाचवा वर्ग चालेल.